पाच दिवसांचे युद्ध आणि एका विद्यापीठाची भाषा

युद्धामुळे एखाद्या राष्ट्राच्या विद्यापीठांचे, समाजाचे आणि परदेशांतील प्रतिमेचे काय होते, ह्याचा विचार करू लागलो की आपल्याकडील अभ्यासक बहुधा युरोपकडे वळतात. हिटलरच्या राजवटीत ज्यू प्राध्यापक कसे हाकलले गेले, गटिंगेनची गणिताची परंपरा कशी मोडली, हे दाखले नेहमीचे आहेत आणि ते खरेही आहेत. परंतु माजलगावात राहून मराठी शिकवणाऱ्या आम्हांला इतक्या दूर जाण्याचे कारण दिसत नाही. निजामाच्या दप्तरात आमचा तालुका ‘मंझलेगाव’ आणि आमचे अंबाजोगाई ‘मोमिनाबाद’ होते. ते राज्य १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ह्या पाच दिवसांत संपले. त्या पाच दिवसांनी आमच्या भागातील उच्च शिक्षणाचे काय केले, हा प्रश्न मात्र अजून पुरता विचारला गेलेला नाही, असे आमचे मत आहे.

प्रारंभ १९१७-१८ पासून करावा लागेल. मीर उस्मान अली खान ह्यांच्या फर्मानाने हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवून बाकी सर्व शिक्षण उर्दूतून देण्याचा त्याचा निर्णय त्या काळात धाडसाचा होता. ह्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतर खाते उघडण्यात आले. त्याने शेकडो ग्रंथ उर्दूत आणले, परिभाषा घडवली. वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा भारतीय भाषेतून शिकवता येते, हे उस्मानियाने प्रत्यक्ष करून दाखवले. बाहेरच्या जगात निजामाचे नाव त्याच्या संपत्तीमुळे गाजत होते. १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले. मात्र सुसंस्कृत राज्य ही हैदराबादची जी प्रतिमा होती, तिच्यात ह्या विद्यापीठाचा वाटा मोठा होता.

ह्या चित्राची दुसरी बाजू आमच्या वाडवडिलांनी अनुभवली. संस्थानात मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा, तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, आणि उर्दू ही मातृभाषा असणारे दहात एखाददुसरे. म्हणजे भारतीय भाषेला मान देणाऱ्या ह्या विद्यापीठाने बहुसंख्य प्रजेच्या भाषांना मात्र दाराबाहेर ठेवले होते. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्यासारख्यांनी हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शाळा चालवल्या त्या ह्याच पार्श्वभूमीवर. शाळा चालवणे हेच त्या काळी राजकारण होते.

विद्यापीठातली पहिली मोठी ठिणगी १९३८ च्या अखेरीस पडली. वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे ह्याच पिढीतले. त्यांचे उर्वरित शिक्षण पुण्यात आणि नागपुरात झाले. आपली हुशार मुले परक्या विद्यापीठाच्या दारी पाठवणाऱ्या राजवटीने आपला अधिकार तेव्हाच गमावला होता.

१९४७ नंतर परिस्थिती उघड संघर्षाची झाली. स्टेट काँग्रेसच्या हाकेसरशी विद्यार्थ्यांनी शाळा-महाविद्यालये सोडली. अनेक जण नगर, सोलापूर, विदर्भ ह्या बाजूंच्या सरहद्दीवरील छावण्यांत गेले. दुसरीकडे रझाकारांचे सैन्य उभे राहिले, आणि त्याचा नेता कासिम रझवी हा अलीगढला शिकलेला, लातुरात वकिली करणारा मनुष्य होता, हे विसरून चालणार नाही. विद्यापीठाची पदवी माणसाला उन्मादापासून वाचवतेच असे नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये विलीनीकरणाची बाजू घेणारे उर्दू पत्रकार शोएबुल्ला खान ह्यांचा खून झाला. उर्दू म्हणजे रझाकार असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

परदेशांतील प्रतिमेची लढाईही तितक्याच जोमाने चालू होती. निजाम सरकारने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे नेले. पॅरिसमध्ये १६ सप्टेंबरला ते चर्चेला आले, तेव्हा भारतीय फौजा हैदराबादच्या रोखाने निघून तीन दिवस झाले होते. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि पुढे तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. भारत सरकारने ह्या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हटले. रणगाडे आणि विमाने वापरणाऱ्या कारवाईला पोलिसी नाव देण्यामागे जगाची नजर होती, हे उघड आहे. त्याच काळात डच सरकारही इंडोनेशियातील आपल्या लष्करी मोहिमांना हेच नाव देत होते. दोन्ही प्रसंगांतील न्यायाची बाजू सारखी नव्हती, शब्द मात्र एकच होता. खेड्यापाड्यांत तो ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणून रुळला, आणि त्याआधीच्या काळाला ‘रझाकारी’ हे नाव पडले.

त्या शब्दाआड पुष्कळ काही झाकले गेले. रझाकारांनी केलेले अत्याचार आमच्या भागात घरोघर सांगितले जातात, आणि ते सांगितले गेलेच पाहिजेत. परंतु कारवाईनंतर मुसलमानांवर जे सूड उगवले गेले त्यांची चौकशी करण्यासाठी भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल ह्यांची समिती पाठवली होती. तिचा किमान अंदाज २७,००० ते ४०,००० मृत्यूंचा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड येथे हानी सर्वाधिक होती. नंतरच्या जिल्ह्यांत बीडचेही नाव आहे. हा अहवाल अनेक दशके अभ्यासकांच्या हाती पडला नाही. ज्या समाजाला आपल्या मुक्तीचा अर्धाच इतिहास शिकवला जातो, त्याला उरलेला अर्धा कोणीतरी विपर्यस्त करून शिकवतो, हे आज निराळे सांगायला नको.

विद्यापीठाकडे परत येऊ. उस्मानियातील आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक मुहम्मद हमीदुल्ला हे हैदराबादच्या संयुक्त राष्ट्रांतील शिष्टमंडळात होते. ज्या राज्याची बाजू मांडायची तेच राहिले नाही, तेव्हा ते पॅरिसमध्येच थांबले आणि पुढची अनेक दशके राष्ट्रहीन निर्वासित म्हणून तेथे जगले. कुराणाचा फ्रेंच अनुवाद त्यांनी तेथेच केला. लाइपझिगला हायझेनबर्ग ह्यांच्या सहवासात शिकून आलेले गणितज्ञ रझीउद्दीन सिद्दीकी १९५० मध्ये पाकिस्तानात गेले आणि तेथील एकाहून अधिक विद्यापीठांचे कुलगुरू झाले. हैदराबादने घडवलेली विद्वत्ता अशी दुसरीकडे कामी आली.

ह्याहून दूरगामी घटना म्हणजे माध्यमाचा बदल. विलीनीकरणानंतर उस्मानियातून उर्दू गेली आणि तिच्या जागी मराठी, तेलुगू किंवा कन्नड न येता इंग्रजी आली. ह्यावर असा आक्षेप येईल की उर्दू लादलेली होती, ती गेली हे बरेच झाले. लादलेली होती हे आम्हांला मान्य आहे. परंतु लादणारी सत्ता गेल्यावर भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तीस वर्षांचा अनुभव आमच्या भाषांच्या उपयोगी पडायला हवा होता. तो राजवटीबरोबर पुरला गेला. आज मराठीतून वैद्यक शिकवता येईल का, असे कोणी विचारले की आपण हसतो. शेजारच्या भाषेत ते शिकवले गेले होते हे आपल्याला आठवत नाही.

नव्या राजवटीने दिलेलेही पुष्कळ आहे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिदिनीच, नांदेडला स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ आले. आम्ही पदव्या घेतल्या त्या ह्या संस्थांमुळेच. तथापि ह्या वर्षांची बेरीज करून पाहावी. मुक्तीनंतर दहा वर्षे मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते.

तुटलेल्या परंपरेचे मोल २०२३ मध्ये अनपेक्षितपणे कळले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरे बाहेर निघाली. कागद उर्दूत आणि मोडीत होते. ते वाचणारे लोक शोधावे लागले. आपल्याच आजोबा-पणजोबांच्या जमिनीचे, जातीचे, नावाचे कागद, आणि ते वाचता येत नाहीत! ज्या जिल्ह्यात एकेकाळी शाळकरी मुलगा उर्दू लिहीत असे, तेथील पदवीधरांची ही अवस्था आहे.

दरवर्षी १७ सप्टेंबरला आमच्या महाविद्यालयांत झेंडावंदन होते, भाषणे होतात. हुतात्म्यांचे स्मरण आवश्यकच आहे. त्याच्या जोडीने मराठवाड्यातील विद्यापीठांनी इतिहास आणि मराठी ह्या विषयांच्या पदव्युत्तर वर्गांत उर्दू व मोडी वाचनाचा एक अभ्यासक्रम सक्तीने ठेवावा, एवढीच आमची मागणी आहे. तहसिलीतील गठ्ठे अजून आहेत, आणि त्यांना कसर लागते आहे.