काळवंडलेलें चित्र

आमच्या एका स्नेह्यांच्या मातोश्री गेल्या वर्षीं निवर्तल्या. त्या हयात असतांना, देवघरांत निरांजनाच्या उजेडांत ओव्या म्हणत बसल्या होत्या, तेव्हां त्यांच्या नातवानें तें दृश्य मोबाइलवर टिपून ठेविलें होतें. वर्षश्राद्धाच्या दिवशीं तें आप्तेष्टांस दाखवावें म्हणून त्यानें संगणकावर त्याची जुळणी केली, नकोसा भाग कापला, व तयार झालेला व्हिडिओ एक्स्पोर्ट करून टीव्हीवर लाविला. जुळणी करतांना संगणकाच्या पडद्यावर आजीचा चेहरा, कपाळावरच्या सुरकुत्या, मागची समई, सारें स्वच्छ दिसत होतें. टीव्हीवर मात्र निरांजनाची ज्योत तेवढी उरली. चेहरा अंधारांत बुडाला. जमलेल्या मंडळींपैकीं कोणी मोबाइलला, कोणी टीव्हीला, तर कोणी त्या मुलालाच दोष दिला. आम्हीहि तेथें होतों. पुढें या गोष्टीचा थोडा छडा लावूं गेलों, तेव्हां असें दिसून आलें कीं, या काळोखाचें मूळ सव्वाशें वर्षांहून जुनें आहे. तो इतिहास वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

इतिहासाचा पहिला धागा छायाचित्रणाच्या कांचेपाशीं सांपडतो. इंग्लंडांतील विडनेस या गांवीं रासायनिक कारखान्यांत काम करणारे फर्डिनांड हर्टर व व्हेरो ड्रिफील्ड हे दोन मित्र फावल्या वेळांत छायाचित्रें काढीत. पट्टी किती वेळ उघडी ठेवावी हें त्या काळीं अंदाजानें ठरे. तो अंदाज या दोघांस मानवेना. किती प्रकाश पडला असतां कांचेवर किती काळेपणा येतो, हें मोजून त्यांनीं एक वक्ररेषा काढली व १८९० सालीं ती प्रसिद्ध केली. त्या रेषेच्या मधल्या सरळ भागाचा जो चढ, त्याला त्यांनीं ग्रीक वर्णमालेंतील ‘गॅमा’ हें अक्षर दिलें. चढ अधिक तर चित्र करकरीत. चढ कमी तर चित्र मिळमिळीत. आज व्हिडिओचें काम करणारा प्रत्येक मनुष्य ‘गॅमा बिघडला’ म्हणून जें कुरकुरतो, तें अक्षर या दोन हौशी छायाचित्रकारांचें देणें होय.

दुसरा धागा जर्मनीचा. १८९७ सालीं फर्डिनांड ब्राउन यानें ऋणकिरणांची नळी तयार केली. पुढें हीच नळी टेलिव्हिजनचा पडदा बनली. या नळीचा एक स्वभाव होता. तिला निम्मा विद्युद्दाब दिला तर ती निम्मा प्रकाश देत नसे; पूर्ण प्रकाशाच्या सुमारें बावीस टक्केच देई. पुष्कळांचा असा समज आहे कीं, हा दोष पडद्यावरील चकाकणाऱ्या लेपाचा. परंतु तो खरा नळींतील ऋणकिरणें सोडणाऱ्या भागाचा होता. कसेंहि असो, कॅमेऱ्यानें पाहिलेलें चित्र जसेंच्या तसें नळीकडे पाठविलें असतें, तर मधल्या सर्व छटा काळोखांत गेल्या असत्या.

या अडचणीवर अभियंत्यांनीं जो तोड काढला तो मोठा चतुर होता. दुरुस्ती घरोघरच्या यंत्रांत बसवावी तर प्रत्येक यंत्राची किंमत वाढणार. त्यापेक्षां प्रक्षेपण करणाऱ्या ठिकाणींच चित्र उलट्या प्रमाणांत उजळून पाठवावें, म्हणजे नळी तें आपोआप काळें करील व हिशेब बरोबर जुळेल. अमेरिकेंत १९५३ सालीं रंगीत टेलिव्हिजनचे नियम मंजूर झाले, त्यांत घरच्या नळीचा गॅमा २.२ धरला होता. युरोपांतील पाल पद्धतींत तो २.८ धरला गेला. आपल्याकडे १९८२ सालीं रंगीत दूरचित्रवाणी आली ती याच पाल पद्धतीची.

येथें एक सुदैवाचा योग जुळून आला. मनुष्याच्या डोळ्याचा स्वभावहि सरळ नाहीं. एका पणतीच्या खोलींत दुसरी पणती लाविली तर फरक चटकन् कळतो; शंभर पणत्यांच्या आरासींत एक वाढली तर कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. फेख्नर या जर्मन पंडितानें १८६० सालींच या विषयावर ग्रंथ लिहिला होता. नळीसाठीं केलेली उलट दुरुस्ती डोळ्याच्या या स्वभावाशीं जवळजवळ तंतोतंत जुळली. म्हणून पुढें चित्र आंकड्यांत सांठवूं लागले तेव्हां अवघ्या २५६ पायऱ्यांत काम भागलें. कारण बहुतेक पायऱ्या, जेथें डोळा अधिक चिकित्सक, त्या अंधाऱ्या छटांच्या वांट्यास आल्या.

परंतु आंकड्यांबरोबरच भांडणहि आलें. १९८२ सालीं टेलिव्हिजनच्या आंकडेवारीचा जो आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्यांत काळ्यास १६ व पांढऱ्यास २३५ हा आंकडा दिला. दोन्ही बाजूंस थोडी मोकळी जागा असावी, हा उद्देश. संगणकवाल्यांनीं मात्र काळ्यास ० व पांढऱ्यास २५५ हेच आंकडे धरले. दोघेहि आपापल्या घरीं बरोबर. पण एकाचें पत्र दुसऱ्याच्या भाषेंत वाचलें कीं अनर्थ होतो. संगणकाच्या मापानें लिहिलेलें चित्र टीव्हीच्या मापानें वाचलें, तर १६ च्या खालच्या सर्व छटा एकजात काळ्या ठरतात. ज्या छटेचा आंकडा ३२ होता, ती १९ च्या जागीं जाऊन बसते. प्रकाशाच्या हिशेबानें पाहिलें तर तिचा उजेड तिसऱ्या हिश्श्याहूनहि कमी उरतो. उलट चूक झाली, तर चित्रावर राख फांसल्यासारखी मळकट छाया येते. 

दुसरें भांडण संगणकवाल्यांचें आपसांतलें. ॲपल कंपनीच्या मॅकिन्टॉश यंत्रांचा गॅमा, छापील पानाशीं पडदा जुळावा म्हणून, १.८ ठेवलेला होता, इतरांचा २.२ च्या आसपास. मॅकिन्टॉशवर मनाजोगें केलेलें चित्र दुसऱ्या यंत्रावर काळें दिसे. मधल्या आंकड्याचा प्रकाश तेथें २९ टक्के, तर येथें २२. ॲपलनें २००९ सालीं २.२ स्वीकारला तेव्हां हा जुना वाद बराचसा मिटला.

या सर्व हकीकतींत आम्हांस अधिक नवल वाटतें तें एका न लिहिलेल्या गोष्टीचें. १९९० सालीं उच्च प्रतीच्या टेलिव्हिजनचा नियम झाला. त्यांत कॅमेऱ्यानें चित्र कसें लिहावें हें सांगितलें होतें; पडद्यानें तें कसें वाचावें हें नव्हतें. नळी सर्वांच्याच घरीं होती, मग लिहावयाचें कशाला? पुढें नळ्या भंगारांत गेल्या व चपटे पडदे आले. त्यांस नळीचा तो वांकडा स्वभाव मुळींच नव्हता. त्यांना तो मुद्दाम शिकवावा लागला. वाचण्याचा नियम, गॅमा २.४, कागदावर आला तो २०११ सालीं. म्हणजे सुमारें एकवीस वर्षें जगाचा कारभार तोंडी करारावर चालला होता, आणि ज्याच्या साक्षीनें तो करार झाला, तें यंत्रच मधल्या काळांत नाहींसें होत चाललें होतें.

शिवाय पाहणाराची खोली हीहि या करारांतील एक पक्षकार आहे. बार्टल्सन व ब्रेनेमन या संशोधकांनीं १९६७ सालीं दाखवून दिलें कीं, भोंवतीं अंधार असेल तर चित्रांतील काळें-पांढरें यांतील भेद डोळ्यास कमी वाटतो. म्हणूनच चित्रपटगृहासाठींच्या फिती अधिक करकरीत करीत. अंधाऱ्या खोलींत सजविलेलें चित्र दुपारच्या उजेडांत काळें दिसतें तें यामुळें. एप्रिल २०१९ मध्यें ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या गाजलेल्या मालिकेंतील रात्रींच्या लढाईचा भाग दाखविला गेला, तेव्हां असंख्य प्रेक्षकांनीं ‘कांहींच दिसत नाहीं’ अशी ओरड केली. छायालेखकानें प्रेक्षकांच्या टीव्हीच्या मांडणीकडे व प्रक्षेपणांतील दाबणीकडे बोट दाखविलें. लक्षावधि रुपयांच्या साधनांची जेथें ही गत, तेथें घरगुती चित्राची काय कथा!

आतां आमच्या स्नेह्यांच्या घरीं परत जाऊं. मुलाचा पहिला विचार असा कीं, सगळें चित्रच उजळून टाकावें. त्यानें तें केलेंहि. पण चेहरा उगवला नाहीं, काळोख तेवढा करडा झाला, आणि ज्योत मात्र पांढरी फटक पडली. ज्या छटा पडद्यापर्यंत पोंचल्याच नाहींत, त्या मागाहून उजळणार कोठून? मग त्यानें एक्स्पोर्ट करतांनाच्या मांडणीकडे पाहिलें. तेथें संगणकाचें पूर्ण माप निवडलेलें होतें, आणि टीव्ही ती फाईल आपल्या १६ ते २३५ या मापानें वाचीत होता. माप बदलून त्यानें तोच व्हिडिओ पुन्हां काढला, अंधार करून न बसतां नेहमींच्या उजेडांत टीव्हीवर व मोबाइलवर असा दोन्हीकडे लावून पाहिला. आणि आजी दिसूं लागल्या. मूळ चित्रण त्यानें पुसलें नव्हतें, म्हणूनच हें साधलें. जागा अडते म्हणून मूळ पुसण्याची जी घाई हल्लीं घरोघर दिसते, तीविषयीं आमची एवढीच विनंती कीं, तयार व्हिडिओ दुसऱ्या पडद्यावर एकवार पाहिल्यावांचून कोणीं ती करूं नये.

चित्र डोळ्यांस दिसतें म्हणून तें स्वयंसिद्ध आहे असें आपण मानतों. वस्तुतः तें लिहिणाराचें व वाचणाराचें पत्र आहे, आणि कोणत्या लिपींत लिहिलें हें पाकिटावर नमूद नसेल तर वाचणारा आपल्याच लिपींत वाचणार. मोडी कागद बालबोध समजून वाचूं गेलें तर जें होईल, तेंच येथें होतें. त्या दिवशीं मंडळी ज्याला काळोख म्हणत होती, त्यांत आजींचा चेहरा सबंध शाबूत होता. तो कोणत्या मापानें वाचावा, एवढेंच सांगावयाचें राहून गेलें होतें.