शैली, चव आणि गुण : क्राफ्ट बीअरचे परीक्षण

बीअर हे मानवाच्या अतिप्राचीन पेयांपैकी एक आहे. परंतु तिचे पद्धतशीर परीक्षण करून तिला गुण देण्याची प्रथा मात्र अगदी अलीकडची आहे. वाइनच्या आस्वादाची परिभाषा युरोपात फार पूर्वी रूढ झाली. बीअर ही कष्टकऱ्यांची तहान भागवणारी साधी गोष्ट मानली गेल्याने तिच्या वाट्याला हा मान उशिरा आला. ब्रिटिश पत्रकार मायकेल जॅक्सन यांचा 'द वर्ल्ड गाइड टू बीअर' हा ग्रंथ १९७७ साली प्रसिद्ध झाला आणि देशोदेशींच्या बीअरची शैलीनुसार मांडणी सामान्य वाचकांपुढे आली. आजच्या बहुतेक स्पर्धा अशाच मांडणीच्या पायावर उभ्या आहेत. एखाद्या बीअरला ५० पैकी ४२ गुण मिळाले असे सांगितले जाते, तेव्हा नेमके काय मोजलेले असते, हे समजून घेतल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

छोट्या भट्ट्यांची चळवळ

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन आणि अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी लहान कारखाने गिळंकृत केले आणि सर्वत्र एकसारखी, सौम्य चवीची बीअर मिळू लागली. या एकसुरीपणाविरुद्ध ब्रिटनमध्ये १९७१ साली 'कॅम्रा' ही ग्राहकांची संघटना स्थापन झाली. अमेरिकेत फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोतील बंद पडू पाहणारी अँकर ब्रुअरी ताब्यात घेऊन तिला नवे जीवन दिले. २०२३ साली तिचे उत्पादन थांबले. जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेली न्यू अल्बियन ही भट्टी जेमतेम सहा वर्षे चालली. पण तिच्यापासून अनेकांनी स्फूर्ती घेतली. घरगुती वापरासाठी बीअर बनवण्यावरील केंद्रीय निर्बंध अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली स्वाक्षरी केलेल्या कायद्याने दूर झाला आणि हौशी मंडळींची एक पिढीच या कलेकडे वळली.

या हौशी मंडळींच्या स्पर्धा भरू लागल्या, तसा जाणत्या परीक्षकांचा प्रश्न उभा राहिला. त्यातून १९८५ साली 'बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम' म्हणजेच बीजेसीपी ही संस्था निर्माण झाली. परीक्षा घेऊन परीक्षकांना प्रमाणित करणे आणि प्रत्येक शैलीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करणे ही तिची मुख्य कामे होत. तिच्या शैलीपुस्तिकेची २०१५ नंतरची सुधारित आवृत्ती २०२१ साली निघाली.

शैली म्हणजे काय?

पाणी, माल्ट, हॉप आणि यीस्ट हे बीअरचे चार मूलघटक. सातूला मोड आणून तो भाजला की माल्ट तयार होते. त्यातून गोडवा, रंग आणि पोळी, बिस्किट, कॅरमेल किंवा कॉफीसारखा स्वाद मिळतो. हॉप या वेलीची फुले कडवटपणा आणि सुगंध देतात. यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते आणि जाता जाता स्वतःचे स्वादही मागे ठेवते. तुलनेने उबदार तापमानात आंबवलेली ती एल आणि थंड तापमानात सावकाश आंबवलेली ती लागर, हा ढोबळ भेद होय. स्थानिक पाणी, धान्य, हवामान, करपद्धती आणि लोकांची आवड यांतून ठिकठिकाणी ज्या परंपरा घडल्या, त्यांनाच शैली म्हणतात.

बीजेसीपीच्या वर्णनांत या शैलींच्या मर्यादा आकड्यांतही दिलेल्या असतात. जर्मन पिल्सनरमध्ये मद्यार्काचे प्रमाण ४.४ ते ५.२ टक्के आणि कडवटपणा २२ ते ४० आयबीयू अपेक्षित असतो. आयबीयू हे कडवटपणा मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक आहे. बव्हेरियाच्या गव्हाच्या बीअरमध्ये, म्हणजे वाइसबिअरमध्ये, कडवटपणा केवळ ८ ते १५ असतो. अमेरिकन आयपीएमध्ये तो ४० ते ७० असतो, तर इम्पीरियल स्टाउट ही गडद, दाट बीअर ८ ते १२ टक्के मद्यार्कापर्यंत जाते.

आस्वादाची रीत

स्पर्धेतील परीक्षण नाव झाकून होते. परीक्षकाला फक्त क्रमांक आणि शैली ठाऊक असते. बनवणारा कोण, हे त्याला कळू दिले जात नाही. पेला स्वच्छ असावा लागतो, कारण काचेवरील तेलकटपणाचा लवलेशही फेस मोडतो. बीअर अतिथंड असली तर वास आणि चव दोन्ही दबून जातात, म्हणून हलकी लागर थंड आणि तीव्र एल तिच्याहून थोडी उबदार चाखली जाते. सौम्य बीअर आधी आणि तीव्र, कडू किंवा आंबट बीअर नंतर, असा क्रम असतो. दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि बिनमिठाची बिस्किटे किंवा पाव घेऊन जीभ स्वच्छ केली जाते.

पेल्यात दोनतीन घोट पुरतील एवढीच बीअर ओतली जाते. ओतताच प्रथम वास घेतला जातो, कारण काही सुगंध क्षणार्धात उडून जातात. नंतर रंग, स्वच्छता आणि फेस पाहून घोट घेतला जातो. वाइनचे परीक्षक घोट थुंकून टाकतात; बीअरचे परीक्षक सहसा तो गिळतात, कारण घशाखाली उतरल्यानंतर मागे राहणारी चव आणि नाकाच्या मागील बाजूने जाणवणारा सुगंध हाही परीक्षणाचा भाग असतो. कडू चव फक्त जिभेच्या मागच्या भागाला कळते, ही जुनी समजूत मात्र आता चुकीची ठरली आहे. परीक्षक आपापले गुण आधी स्वतंत्रपणे लिहितात आणि मगच चर्चा करतात. गुणांत मोठी तफावत असेल, तर ती चर्चेने कमी केली जाते.

पन्नास गुणांचा हिशेब

बीजेसीपीच्या गुणपत्रिकेत गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० असे ५० गुण असतात. या वाटणीतच एक दृष्टिकोन दडलेला आहे. रूपाला केवळ तीन गुण आहेत. म्हणजे सोनेरी रंग आणि डौलदार फेस कितीही मोहक असला, तरी गंध आणि चव यांच्या ३२ गुणांपुढे तो गौण ठरतो. ४५ आणि त्यावरचे गुण सर्वोच्च श्रेणीत मोडतात, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली आणि २१ ते २९ चांगली अशी श्रेणी आहे. १४ ते २० गुणांची बीअर जेमतेम मानली जाते आणि त्याखाली गंभीर दोषांचा प्रांत सुरू होतो.

जाणकारांच्या मते या पत्रिकेतील खरा ऐवज आकडा नसून शेजारी लिहिलेले शेरे हा होय. 'चव बरी नाही' या शेऱ्याने कोणाचेच भले होत नाही. 'उकडलेल्या मक्याचा वास येतो. माल्टचे पाणी उकळताना भांडे झाकले होते का?' असा शेरा मिळाला, तर बनवणाऱ्याला पुढच्या वेळी काय बदलावे हे कळते.

तोच वास, दोन न्याय

वासांची नावे सर्वांनी एकाच अर्थाने वापरावीत, यासाठी मॉर्टन मेलगार्ड यांनी १९७० च्या दशकात बीअरचे स्वादचक्र तयार केले. डायअसिटिलमुळे लोण्याचा, डीएमएस या गंधकयुक्त संयुगामुळे उकडलेल्या मक्याचा, तर अॅसिटाल्डिहाइडमुळे हिरव्या सफरचंदाचा वास येतो. प्राणवायूच्या संपर्काने जुनी झालेली बीअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीवर ऊन पडले, तर हॉपमधील घटकांचे विघटन होऊन उग्र दुर्गंध येतो.

तथापि, यातील प्रत्येक वास सर्वत्र दोष ठरत नाही आणि शैलीनिष्ठ परीक्षणाचे मर्म येथेच आहे. जर्मन पिल्सनरमध्ये लोण्याचा वास आला तर गुण कापले जातात; चेक पद्धतीच्या पिल्सनरमध्ये तो अल्प प्रमाणात चालतो. वाइसबिअरमध्ये यीस्टमुळे येणारा केळ्याचा आणि लवंगेचा सुगंध हा तिचा प्राण आहे. तोच लागरमध्ये आला तर भट्टीत काहीतरी बिघडले असे समजावे. ब्रुसेल्स परिसरातील लँबिक ही बीअर हवेतील आणि पिंपातील यीस्ट व जिवाणूंच्या साह्याने आंबते. तिचा आंबटपणा आणि तबेल्याची आठवण करून देणारा वास हा तिथे अलंकार मानला जातो. इतरत्र तो जंतुसंसर्गाचा पुरावा ठरतो. ठुमरीला ख्यालाच्या मोजपट्टीने मोजू नये, तसाच हा प्रकार आहे.

सर्वसामान्य ग्राहक जेव्हा आवडीनुसार गुण देतो, तेव्हा ही मोजपट्टी बाजूला राहते. २००० साली सुरू होऊन २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झालेल्या 'रेटबीअर'सारख्या याद्यांत इम्पीरियल स्टाउट आणि तीव्र आयपीए यांचाच वरचष्मा असे. निर्दोष पिल्सनर क्वचितच अग्रस्थानी पोहोचे. एका घोटात छाप पाडणारी चव अशा मतदानात जिंकते. पूर्ण पेला प्यायल्यावरही कंटाळा न आणणारी संयमी बीअर मात्र मागे पडते. वास्तविक हलक्या लागरमध्ये दोष लपवायला जागाच नसते आणि ती बनवणे अधिक कठीण समजले जाते. म्हणून दोन निरनिराळ्या शैलींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे फसवे ठरते.

चौकट बदलते तेव्हा

शैलीची चौकट उपयुक्त असली, तरी ती अढळ नाही. आयपीए ही पूर्वी पारदर्शक असणे अपेक्षित होते आणि गढूळपणा हा दोष समजला जाई. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील 'हेडी टॉपर'सारख्या गढूळ, फळांच्या सुगंधाने भरलेल्या आयपीएने लोकांची मने जिंकली. अखेर २०१८ साली अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने या प्रकाराला स्वतंत्र शैलीचा दर्जा दिला. कालपर्यंत ज्याचे गुण कापले जात, तेच आज शैलीचे लक्षण झाले! ब्राझीलमधील ताज्या फळांची आंबट 'कातारिना सावर' हीदेखील अशीच बीजेसीपीच्या पुस्तिकेत दाखल झाली.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या भट्टीतील आणि १८२० च्या दशकापासून बर्टन या गावातील फिकट एल जहाजांतून मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे येत असे. भरपूर हॉपमुळे ती लांबचा प्रवास सोसत असे आणि पुढे तिलाच 'इंडिया पेल एल' हे नाव पडले. पुण्यात २००९ साली 'डूलाली' ही भट्टी सुरू झाल्यानंतर महाराष्ट्रात ताज्या क्राफ्ट बीअरचे दालन खुले झाले. कोकमासारख्या स्थानिक फळांचे प्रयोगही येथे झाले आहेत. अशा बीअरला गुण देताना परीक्षकापुढे पेच असतो, कारण कोकमाचा तुरटपणा किती असावा, हे परदेशात लिहिलेली पुस्तिका सांगत नाही. ते येथील बनवणाऱ्यांनी आणि चाखणाऱ्यांनीच ठरवायचे आहे.

आस्वादाची ही चर्चा करताना एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. मद्यपानाची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. परीक्षकांचे घोट लहान असतात, त्यामागे जिभेबरोबरच शुद्धीही शाबूत ठेवण्याचा विचार असतो. गुणपत्रिकेवरील आकडा हा अधिक पिण्याचा सल्ला नव्हे. एका विशिष्ट शैलीच्या अपेक्षा एका विशिष्ट नमुन्याने त्या दिवशी कितपत पूर्ण केल्या, एवढेच तो सांगतो.