बीड प्रांतीचे बालसोबती

गोदावरीच्या दक्षिण तीरापासून बालाघाटाच्या माथ्यापर्यंत आणि त्यापलीकडे मांजरेच्या खोऱ्यात पसरलेला बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत असे, आणि त्या अमदानीत बीड कसब्याची ख्याती पाणी वाहून नेण्याच्या चामडी छागलींसाठी व काठीत दडविलेल्या गुप्त्यांसाठी होती, हे तत्कालीन गॅझेटियरात नमूद आहे. वाटसरूची तहान आणि वाटेवरचे भय या दोहोंची दखल सरकारदरबारी घेतली गेली. परंतु ज्या वस्तू घरातच जन्मल्या आणि घरातच झिजल्या, त्या मुलांच्या खेळण्यांना महसुली दप्तरात रकाना मिळणे शक्यच नव्हते. आज मऊ कापडाची, पडद्याविना केवळ आवाजाने आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बळावर मुलांशी व प्रौढांशीही संभाषण करणारी खेळणी जगाच्या बाजारात आली असता, त्या अलिखित इतिहासाकडे वळणे अगत्याचे आहे; कारण खेळण्याला वाचा कोणी द्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर या मुलखाने आपल्या रीतीने पूर्वीच दिलेले आहे.

त्या इतिहासाच्या जुन्या खुणा बीडच्या शेजारी सापडतात. गोदावरीच्या पलीकडचे पैठण आणि दक्षिणेकडील धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर, या दोन सातवाहनकालीन नगरांच्या मातीतून असंख्य मृण्मूर्ती निघाल्या आहेत. तेरच्या कारागिरांनी दोन साचे जुळवून घडविलेल्या पोकळ आकृती तेथील वस्तुसंग्रहालयात पाहिल्या म्हणजे हा हात किती सराईत होता याची साक्ष पटते. त्यांपैकी देव कोणता आणि खेळणे कोणते, हे सांगणे पुष्कळदा कठीण जाते. आणि त्यात नवल नाही, कारण भाद्रपदात मराठवाड्याच्या घरोघरी उभ्या राहणाऱ्या महालक्ष्म्यांपुढे आजही खेळणी मांडली जातात.

या प्रांतातील खेळणी ऋतुचक्राशी बांधलेली होती. श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला कुंभार काळ्या मातीचे बैल घडवी, आणि ज्याच्या गोठ्यात जनावर नाही त्या घरीही त्या बैलांची पूजा होऊन ते मुलांच्या हाती पडत. रब्बीची ज्वारी निघाली की धांड्याची साल सोलून, आतल्या मऊ भेंडात सालीच्या काड्या टोचून पोरे बैलगाड्या करीत. पाऊल टाकू लागलेल्या बाळासाठी सुतार पांगुळगाडा करून देई. या सर्वांत निकटची सोबतीण म्हणजे चिंध्यांची बाहुली. आईच्या विरलेल्या लुगड्याचा तुकडा गुंडाळून धड, गाठ मारून मस्तक, काजळाचे डोळे आणि उरलेल्या काठाचे लुगडे, एवढ्या सामग्रीत ती सिद्ध होई. मुलगी तिला जेवू घाली, निजवी, तिचे लग्न लावी आणि तिच्या वतीने स्वतःच बोले; त्या बोलण्यात आईचा दटावणीचा स्वर, आजीचे उखाणे आणि आळीतल्या बायकांची लकब ही सारी उतरत असे. बाहुली मुकी होती, म्हणूनच मुलीला दोन मनांनी विचार करण्याचा अभ्यास घडत असे.

बाहुलीने स्वतः हलावे, बोलावे, ही आकांक्षा मात्र फार जुनी आहे. अकराव्या शतकात धारच्या भोजराजाने समरांगणसूत्रधार या ग्रंथात यंत्रविधानाचे स्वतंत्र प्रकरण लिहून लाकडी पक्ष्यांचे व यंत्रपुतळ्यांचे वर्णन केले. १८९० मध्ये एडिसनने बाहुलीच्या पोटात चिमुकला फोनोग्राफ बसविला. कारखान्यातील तरुणींनी म्हटलेली बालगीते त्यातून ऐकू येत, परंतु ध्वनिमुद्रा लवकर झिजत, आवाज कर्कश येई, आणि काही आठवड्यांतच त्या बाहुल्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. महाराष्ट्राने निराळी वाट धरली. यशवंत केशव पाध्ये यांनी शब्दभ्रमकलेने अर्धवटराव या बाहुल्याला वाचा दिली आणि यशवंतरावांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी अशा बोलक्या बाहुल्या घराघरांत परिचित केल्या. तेथे बाहुली बोलते असा भास होई, पण तिचा बोलविता धनी रंगमंचावर सर्वांसमक्ष बसलेला असे.

नव्या खेळण्यात हा बोलविता धनी दृष्टीआड झाला आहे. मूल बोलते, खेळण्यातील ध्वनिग्राहक ते टिपतो, बहुधा इंटरनेटद्वारे तो शब्द दूरच्या संगणकाकडे जातो, आणि तेथे रचलेले उत्तर क्षणार्धात कृत्रिम स्वरात परत येते. अशा बोलक्या खेळण्यांपैकी ‘माय फ्रेंड केला’ या बाहुलीला जर्मनीच्या नियामकाने २०१७ मध्ये छुपे श्रवणयंत्र ठरवून तिच्या विक्रीस मनाई केली. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे.

असे असूनही या यंत्राला सरसकट नकार देणे मला न्याय्य वाटत नाही, आणि त्याचे कारण बीडच्याच स्थितीत आहे. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या उसाच्या फडांकडे निघतात. काही मुले त्यांच्याबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, जातात, काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, आणि वाड्यावस्त्यांवर कित्येक महिने वृद्धांचीच वर्दळ उरते. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी घडविलेला पारो हा सीलच्या पिलासारखा मऊ यंत्रप्राणी वृद्धांच्या शुश्रूषागृहांत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना धीर देण्यासाठी वापरला जातो. तो शब्दाने बोलत नाही, केवळ स्पर्शाला व हाकेला प्रतिसाद देतो. तेव्हा एकाकी जीवाला यंत्राचा आधार मिळू शकतो, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्या आधाराच्या निमित्ताने उसाच्या हंगामात मोडणारी कुटुंबे जोडण्याची समाजाची व सरकारची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही.

आणि जर ते यंत्र या मुलखात बोलणारच असेल, तर त्याने कोणाचा स्वर घ्यावा? हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह सिद्ध केला, आणि त्याच कार्यात १९९६ साली माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांच्या कंठातील ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ऋण गाणाऱ्या त्या स्त्रियांची नावे त्या संग्रहात आदराने नोंदलेली आहेत. कोणाचा आवाज जतन करावयाचा तर तो असा, नाव राखून. बीडच्या लेकरासाठी खेळणे घडविणाराने येथील बोली येथील माणसांच्या संमतीने शिकावी, लेकराचे बोलणे घराच्या उंबरठ्याबाहेर नेऊ नये, आणि खेळणे बंद करण्याची कळ घरातल्या माणसाच्या हाती ठेवावी. चिंधीच्या बाहुलीने मुलीला बोलते केले, हे तिचे कर्तृत्व होते. नव्या सोबत्याची योग्यताही तो स्वतः किती बोलतो यावरून न ठरवता, त्याच्या सहवासात मूल किती बोलते व कोणाकोणाशी बोलते, यावरूनच ठरवावी लागेल.