दंडावरची लस, हातातला फोन

मराठीत देवीची लस टोचण्याला ‘देवी काढणे’ असे म्हणत. रोग, देवता आणि उपचार या तिन्हींचे नाव एकच. त्यामुळे लसीला झालेला विरोध देवभोळेपणाच्या खाती टाकणे सोपे झाले. परंतु एवढ्याने उलगडा होत नाही.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली यशस्वी लस टोचली गेली. बगदाद-बसऱ्यामार्गे आलेली ही लस पुढे पसरली ती त्या मुलीच्या दंडावरच्या फोडातून. नंतरची कित्येक दशके हीच रीत होती. टोचणारा गावात येई, आठवड्याने परत येई आणि फोडातील द्रव इतर मुलांसाठी काढून नेई. १८५३ मध्ये इंग्रजी कारभाराखाली गेलेल्या वऱ्हाडात, पर्यायाने बुलढाण्याकडेही, हे टोचणारे गावोगाव हिंडत. आईबाप बिथरत ते या दुसऱ्या फेरीला. आपल्या लेकराच्या अंगातून काही काढून कोणाला देणार, आणि त्याच्या अंगात कोणाचे आले, ही शंका निव्वळ अज्ञानाची नव्हती. या पद्धतीने इतर रोगही पसरत, हे वैद्यकानेच पुढे मान्य केले.

१८९७ च्या प्लेगमध्ये दोन वाटा दिसल्या. १० जानेवारीला हाफकिनने आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुण्यात मात्र घरात शिरून झडत्या घेतल्या गेल्या. त्या रोषातून २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

आज फिरता वैद्य फोनमध्ये आला आहे. एप्रिल २०२० मध्ये ‘ई-संजीवनी’ची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. त्याच महिन्यात ‘आरोग्य सेतू’ आले. मे महिन्यात ते कर्मचाऱ्यांना सक्तीचे झाले आणि काही दिवसांतच सक्ती सैल करावी लागली. फोन सल्ला देतो, तशी माहितीही घेतो. घरात फोन एकच आणि तोही नवऱ्याच्या खिशात असेल, तर बाईने आपले दुखणे कोणाच्या भरवशावर सांगायचे? प्रश्न पुन्हा दुसऱ्या फेरीचाच आहे: नेलेले कोठे जाते?

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. पथके आली, केसांचे, रक्ताचे, पाण्याचे नमुने गेले. पाण्यापासून सुरू झालेली कारणमीमांसा रेशनच्या गव्हातील सेलेनियमपर्यंत पोचली. लोकांनी नमुने दिले, कारण त्यांना उत्तर हवे होते. ज्या दारातून नमुना गेला त्याच दारी, समजेल अशा भाषेत, ते उत्तर परत आले पाहिजे. फोनवरच्या वैद्यावर बुलढाण्यातील खेडे विश्वास ठेवील की नाही, हे त्या परतीवर ठरेल.