अष्टावधानी व्हायची घाई

ऑनलाइन पोकर शिकायला घेतलेल्या माणसाला हटकून मिळणारा सल्ला म्हणजे, एकाच टेबलावर काय बसून राहिलास, चार उघड. हा सल्ला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण म्हणीने वाद मिटत नाही. सल्ला देणाऱ्यांकडे कारणं आहेत आणि ती ऐकण्यासारखी आहेत.

त्यांचा पूर्वपक्ष असा. कॅसिनोत माणूस पत्ते वाटतो तेव्हा तासाला 25-30 डाव होतात. संगणकावर सहा जणांच्या टेबलावर साधारण 70 होतात. चार टेबलं उघडली की 280. म्हणजे अनुभव चौपट. शिवाय पोकरमध्ये नशिबाचे हेलकावे मोठे असतात, खरी लायकी हजारो डावांनंतरच दिसते, तेव्हा तो लांबचा पल्ला जितक्या लवकर गाठाल तितकं बरं. आणि तिसरं, मला सगळ्यात वजनदार वाटणारं कारण कंटाळ्याचं. एकाच टेबलावर बसलेला नवखा पत्ते टाकून टाकून वैतागतो आणि इस्पिकची सत्ती-चौकटची तिरी घेऊनही डावात उडी मारतो. चार टेबलं असली की त्याला आपोआप शिस्त लागते.

(भारतात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले. त्यामुळे हा वाद आता न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी माणसाच्या कामाचा जास्त.)

पल्ल्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो गणिताचा आहे आणि गणितातच फसतो. रोख खेळात दर 100 डावांमागे निकाल साधारण 90 बिग ब्लाइंडने (पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांतली मोठी ती बिग ब्लाइंड) वर-खाली होतो, हे प्रमाण विचलन. 10,000 डाव झाले तरी नुसत्या नशिबाने 100 डावांमागे 9 बिग ब्लाइंडचा फरक सहज पडतो. चांगल्या खेळाडूची कमाई 100 डावांमागे 5 असते. म्हणजे 10,000 डावांनंतरही तुम्ही खेळाडू आहात की भाग्यवान, ते कळत नाही. ‘बघा, म्हणूनच डाव वाढवा,’ असं पूर्वपक्षी म्हणेल. पण ही सगळी आकडेमोड खेळणारा तोच राहतो या गृहीतावर उभी आहे. नवख्याने तर दर महिन्याला बदलायला हवं. तो बदलत असेल तर जानेवारीतले डाव मार्चमधल्या माणसाचा हिशेब सांगत नाहीत. बदलत नसेल तर लाख डावांनंतर त्याला फक्त एक बिल मिळतं, आणि चार टेबलांमुळे ते चौपट वेगाने येतं. तोटा 100 डावांमागे 10 ब्लाइंड असेल तर एका टेबलावर तासाला 7 जातात, चारांवर 28. बरं, चार टेबलांनी हेलकावे कमीही होत नाहीत. दर डावाचा हेलकावा तोच राहतो, फक्त सगळं एका संध्याकाळीच बघायला मिळतं.

आता ‘अनुभव चौपट’. इथे एकच डाव जवळून पाहू. तुमच्याकडे बदामचा राजा आणि किलवरचा गुलाम. खाली राजा, नव्वी, चौकी, दुर्री पडली आहे, आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पानाला, इस्पिकचं तिसरं पान येतं. आतापर्यंत नुसता कॉल करत आलेला समोरचा 60 च्या पॉटमध्ये 30 लावतो. तुम्ही 30 घातले तर समोरचे 90 मिळतील. चार वेळांपैकी एकदा जरी तो ब्लफ करत असेल तरी कॉल परवडतो. इतका भाग शाळेतलं पोरही सांगेल. प्रश्न उरतो तो हा की हा माणूस, या ठिकाणी, चारातून एकदा ब्लफ करतो का? त्याचं उत्तर कुठल्याच तक्त्यात नाही. ते दहा मिनिटांपूर्वी याच टेबलावर दिसलं होतं. तिसरं बदाम पडल्यावर त्याने असाच अर्धा पॉट लावला होता, दुसऱ्याने कॉल केला, आणि याच्या हाती फसलेला सीक्वेन्स निघाला. तुम्ही पत्ते टाकून मोकळे झाला होतात. एकच टेबल असतं तर ते बघितलं असतं. चार होती, म्हणून त्या क्षणी तुम्ही तिसऱ्या टेबलावर अठ्ठ्यांची जोडी ठेवायची की टाकायची या विवंचनेत होतात.

सॉफ्टवेअर हे सगळं मोजून ठेवतं, असं कोणी म्हणेल. मोजतं खरं. कोण किती वेळा डावात शिरतो हे शंभरेक डावांत कळतं. पण रिव्हरला तिसरं इस्पिक आणि अर्धा पॉट हा प्रसंग इतका क्वचित येतो की त्याची आकडेवारी नवख्याच्या हयातीत साचत नाही. तिथे डोळेच लागतात.

कंटाळ्याचं औषधही तिथेच आहे. पत्ते टाकल्यावर समोरच्या दोघांच्या हाती काय असेल ते मनात ठरवावं आणि पत्ते उघडले की ताडून बघावं. चार टेबलांनी लागणारी शिस्त पत्ते टाकण्यापुरतीच असते. पुढच्या तीन फेऱ्यांत, जिथे खरा पैसा जातो, ती कामाला येत नाही.

मग हा सल्ला आला कुठून? 2003 मध्ये टेनेसीतल्या ख्रिस मनीमेकर या अकाउंटंटने ऑनलाइन पात्रता फेरीतून जाऊन वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली आणि संकेतस्थळांवर नवख्यांची झुंबड उडाली. समोर इतके कच्चे खेळाडू असताना ठरावीक ठोकताळ्यांवरही पैसा निघत होता, तेव्हा टेबलं वाढवण्यात शहाणपण होतं. वर बक्षिसं होती. संकेतस्थळ बहुतेक पॉटमधून कट घेतं, त्याला रेक म्हणतात. जो जास्त रेक भरेल त्याला काही भाग परत. पोकरस्टार्स या संकेतस्थळाच्या ‘सुपरनोव्हा एलिट’ दर्जासाठी वर्षाला रेकवर मिळणारे दहा लाख गुण लागत, आणि ते एकदोन टेबलांवर छोट्या खेळात जमवणं अशक्यच. अनेक व्यावसायिक खेळात जेमतेम बरोबरीत राहून या परताव्यावर जगत होते. 2015 च्या शेवटी कंपनीने ती योजना मोडीत काढायचं जाहीर केलं. कारण गेलं, सल्ला मात्र राहिला. 2019 मध्ये तर त्याच पोकरस्टार्सने रोख खेळात एका वेळी उघडायच्या टेबलांची मर्यादा 24 वरून 4 वर आणली.

रँडी ल्यूचं नाव या वादात नेहमी येतं. 2012 मध्ये या व्यावसायिक खेळाडूने एका वेळी अनेक टेबलं उघडून 8 तासांत 23,493 डाव खेळून गिनेसमध्ये नोंद केली, म्हणजे सव्वा सेकंदाला एक डाव. नफा 7.65 डॉलर. तो विक्रमासाठीचा खेळ होता, कमाईसाठीचा नव्हता, म्हणून या आकड्यावर मी जास्त भार देत नाही. पण हे करताना ल्यू आधीच मुरलेला खेळाडू होता, हे विसरलं जातं. बुद्धिबळातला ग्रँडमास्टर एका वेळी तीस पटांवर खेळतो, म्हणून कुणी पोराला मोहरे शिकवताना तीस पट मांडत नाही.

शिवाय अनेक टेबलांवर बसलेला मुरब्बी ठोकताळ्यांवरच चालतो, तुमच्याकडे बघायला त्याला फुरसत नसते. नवखा अभ्यासात, पैशात, अनुभवात त्याच्या मागे असतो. एका बाबतीतच पुढे असतो, की त्याच्याकडे या एका टेबलासाठी वेळ आहे. चार टेबलं उघडून तो हेही गमावतो.

एक अपवाद मी मान्य करतो. झटपट स्पर्धांमध्ये हाती दहा बिग ब्लाइंडहून कमी चिप्स उरल्या की निर्णय दोनच राहतात, सगळं लावा नाहीतर पत्ते टाका. कुठल्या जागेवरून काय लावायचं याचे तक्ते तयार असतात आणि ते पाठ होतात. तिथे नवख्याने तीन-चार टेबलं उघडली तर फारसं बिघडत नाही, कारण बघण्यासारखंही फारसं नसतं. 100 ब्लाइंड घेऊन बसायच्या रोख टेबलावर मात्र, पत्ते उघडण्याआधी मनात धरलेले अंदाज बहुतेक वेळा खरे ठरू लागेपर्यंत दुसरं टेबल उघडायचं कारण मला दिसत नाही. त्यानंतर उघडावं, आणि तेही एकच.