स्टेपनी

यवतमाळहून पांढरकवड्याकडे, वणीकडे किंवा पुसद-उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या मोटारीचें चाक बसलें, म्हणजे मदतीस थांबणाऱ्या मनुष्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "स्टेपनी आहे का ?" हा प्रश्न करणारा ट्रकवाला असो, शेतकरी असो वा शाळामास्तर असो, शब्द त्याला परका वाटत नाहीं. जॅक, पाना, नट यांच्या पंक्तीला तो कधींच येऊन बसला आहे. परंतु हाच शब्द एखाद्या इंग्रज गृहस्थापुढें उच्चारला, तर त्याला लंडनच्या पूर्वभागांतील एका वस्तीची आठवण होईल. चाकाची होणार नाहीं. जो शब्द आपल्या जन्मभूमींत विसरला गेला, तो वऱ्हाडांत जिवंत कसा राहिला ? आणि त्या शब्दानें दाखविलेली वस्तु आज मोटारींतून हळूहळू नाहींशी होत असतां आपण त्याविषयीं काय धोरण ठेवावें ? हे दोन प्रश्न वरकरणीं क्षुल्लक दिसतात. पण त्यांच्या पोटांत प्रवासी आणि रस्ता यांच्या नात्याचा सगळा इतिहास दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

चाक ऐन वेळीं दगा देतें ही गोष्ट मोटारीपेक्षां फार जुनी आहे. दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ युद्धांत निसटली, आणि कैकेयीनें तेथें आपला हात घालून रथ सांवरला, अशी कथा रामायणाच्या एका परंपरेंत आहे. त्या हाताची किंमत पुढें दोन वरांच्या रूपानें अयोध्येला मोजावी लागली. जवळ दुसरी खीळ नसली म्हणजे वेळ मारून नेण्यासाठीं केवढें मोल द्यावें लागतें, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण. कर्णाची गोष्ट निराळी. त्याचें चाक मोडलें नव्हतें. भूमीनें गिळलें होतें. काळ्या जमिनींतून श्रावणांत गाडी हांकणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला ही कथा समजावून सांगण्यास पुराणिकबुवांची गरज पडत नाहीं.

असें असूनहि वऱ्हाडी गाडीवान आपल्या बंडीला राखीव चाक बांधून हिंडत नसे. याचें कारण त्या चाकाच्या घडणींत आहे. तुंबा, आरे आणि भोंवतालचीं वांकडीं लांकडें सुतारानें जोडावयाचीं, आणि त्यांवर लोखंडाची धांव लोहारानें चढवावयाची. धांव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान ठेवून ती गोवऱ्यांच्या जाळांत लाल करीत. तापून फुगली कीं चाकावर बसवीत आणि लगेच पाणी ओतीत. थंड होतां होतां ती आकसे व सगळे सांधे घट्ट आवळी. उन्हाळ्यांत लांकूड सुकून धांव सैल झाली, तर चाक नदीच्या पाण्यांत भिजत ठेवावें, हा उपाय गाडीवानाला ठाऊक असे. त्याच्याजवळ दोर, कुऱ्हाड आणि वंगण एवढें असलें म्हणजे पुरे. १९०३ सालीं मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे झाली. जिल्ह्याचें नांव त्या वेळीं वणी होतें, यवतमाळ हें नांव त्याला १९०५ सालीं मिळालें. त्या रेल्वेपूर्वीं येथला कापूस बंड्यांतूनच बाहेर पडे, आणि वाटेंत चाक मोडलें तर पुढल्या गांवीं सुतार आणि लोहार हे असावयाचेच. म्हणजे राखीव चाक नव्हतें असें नव्हे; तें गाडींत नसून गांवांत होतें. आमच्या समाजरचनेनें तें कोस-दोन कोसांवर मांडून ठेविलें होतें.

मोटार हें असें पहिलें वाहन कीं ज्याचें चाक गांवच्या कारागिराला दुरुस्त करतां येईना. दोष रबराचा नव्हता. रबरांत कोंडलेल्या वाऱ्याचा होता. हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें १८४५ सालींच नोंदवून ठेविली होती, परंतु तिला काळ अनुकूल नव्हता. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें तीच कल्पना पुन्हां शोधिली, आणि सायकलीच्या निमित्तानें ती जगभर पसरली. पुढें मिशेलिन बंधूंनीं १८९५ सालच्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतींत हवेचीं चाकें लावलेली मोटार उतरविली. तिच्या नळ्या इतक्या वेळां फुटल्या कीं लोकांची चांगलीच करमणूक झाली. तरी, फार मागें पडून कां होईना, गाडीनें प्रवास पुरा केला. त्या दिवसापासून मोटारीचें सुख आणि मोटारीचें दुःख ह्या दोहोंचा उगम एकाच जागीं झाला. हवेमुळें गाडी मऊ चालली, वेगानें चालली. आणि घोड्याच्या नालेचा एक खिळा तिला जागच्या जागीं थांबवूं लागला.

त्या काळच्या मोटारीचें चाक आसाला कायमचें जडलेलें असे. तें काढून दुसरें घालण्याची सोयच नव्हती. चाक बसलें कीं मालकानें किंवा त्याच्या हांक्यानें रस्त्याच्या कडेला गुडघे टेकावे, टायर पट्ट्यांनीं उचकटून काढावा, आंतील नळी ओढावी, तिला ठिगळ लावावें, पुन्हां सर्व बसवून पंपानें हवा भरावी. आणि हें सारें धुळींत, पावसांत किंवा काळोखांत. ह्या हालांवर पहिला खरा तोडगा काढिला तो वेल्स प्रांतांतील लानेल्ली नांवाच्या गांवच्या दोन लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यांनीं. थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस अशीं त्या भावांचीं नांवें. १९०४ सालीं त्यांनीं आऱ्यांवांचूनचें एक लोखंडी कडें तयार केलें आणि त्यावर हवा भरलेला टायर चढविला. मूळ चाक काढावयाचें नाहीं. त्याच्या कुशीला हें कडें चापांनीं आवळून बांधावयाचें, आणि गाडी हांकावयाची. बसलेलें चाक आंत लोळत राही आणि बाहेरचें कडें भार वाही. त्यांचें दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतें, म्हणून ह्या कड्याला स्टेपनी चाक असें नांव पडलें. रस्त्याचें नांव त्या भागांतील स्टेपनी ह्या जमीनदार घराण्यावरून आलेलें. सारांश, आमच्या ट्रकवाल्याच्या तोंडीं रोज येणारा शब्द हा वेल्समधल्या एका घराण्याचें आडनांव आहे.

शर्यतीच्या मोटारींना ह्या प्रश्नाची धार अधिक तीव्रतेनें लागली. जून १९०६ मध्यें फ्रान्सांत ल मां येथें पहिली 'ग्रां प्री' शर्यत झाली. दोन दिवसांत सुमारें १२३८ किलोमीटर धांवावयाचें, आणि गाडीवर काम करावयाचें तें फक्त गाडींत बसलेल्या दोघांनीं, असा नियम होता. रस्ता उन्हानें वितळत होता, खडे टायरांना फाडीत होते. ज्यांच्याजवळ साधीं चाकें होतीं, ते फाटलेला टायर सुरीनें कापून नवा चढवीत. त्यांत पाव तास सहज जाई. रेनो गाडीच्या मागील चाकांना मिशेलिननें केलेलें सुटें कडें होतें; नट सोडावे, आयतें फुगविलेलें टायरसकट कडें बसवावें, कीं थोड्या मिनिटांत गाडी चालू. त्या गाडीचा चालक फेरेंत्स सिस ही शर्यत जिंकला. विजयाचें श्रेय त्याच्या यंत्राला आणि धैर्याला आहेच. पण राखीव चाक ही नुसती सावधगिरी नसून तो वेगाचाच एक भाग आहे, हा धडा त्या दिवशीं सर्व मोटारवाल्यांनीं घेतला.

पुढें रज-व्हिटवर्थ कंपनीचीं, मधल्या एकाच मोठ्या नटानें सुटणारीं तारांचीं चाकें आलीं, आणि संपूर्ण चाकच बदलण्याची रीत रूढ झाली. मग राखीव चाक गाडीचें भूषण बनलें. मर्सिडीझ एसएसके काय किंवा एमजी कंपनीच्या छोट्या दोन आसनी गाड्या काय, त्यांचें चित्र डोळ्यांपुढें आणा : पाठीवर ढाल बांधलेल्या शिलेदाराप्रमाणें शेपटीवर चाक मिरवीत त्या उभ्या आहेत. १९२३ सालीं ल मांची चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, तेव्हां गाडींत बरोबर नेलेल्या सामानानेंच, आणि तेंहि चालकानें स्वतःच, वाटेंत दुरुस्ती करावी असा दंडक ठेविला होता. स्पोर्ट्‌स कार म्हणजे केवळ वेगवान गाडी नव्हे, तर आपला भार आपण वाहून दूर जाणारी गाडी, ही त्या काळची व्याख्या ह्या दंडकांत स्पष्ट उमटली आहे.

ह्या प्रगतींत मूळचें स्टेपनी कडें मात्र निरुपयोगी ठरलें. चाक सुटें झाल्यावर त्याच्या कुशीला दुसरें बांधण्याचें कारण उरलें नाहीं. वस्तु गेली, तिच्याबरोबर इंग्लंडांतून शब्दहि गेला. परंतु जेथें जेथें ती वस्तु परदेशी नवलाई म्हणून पोहोंचली होती, तेथें तेथें शब्द मागें राहिला आणि नव्या वस्तूला चिकटला. माल्टा बेटांत राखीव चाकाला अजून स्टेपनीच म्हणतात. ब्राझीलमध्यें त्याचें 'एस्तेपी' झालें. आणि आमच्याकडे तर बंगालपासून महाराष्ट्रापर्यंत दुसरा शब्द कोणाला सुचत नाहीं. उसनवारीनें आणलेला शब्द घरच्या शब्दापेक्षां अधिक काळ टिकतो, कारण त्याच्याशीं इतर कोणताहि अर्थ भांडत नाहीं. तथापि आमच्या बोलीनें त्याला एक हीन छटाहि दिली. ज्याला वा जिला गरजेपुरतें जवळ करावें आणि एरवीं अंधारांत ठेवावें, त्या माणसाला 'स्टेपनी' म्हणण्याची रीत पडली. ह्या वापरांत चाकावर अन्याय आहे आणि माणसावर त्याहून मोठा आहे. जें संकटांत उभें राहतें त्यालाच दुय्यम मानावें, ही खोड शब्दाची नव्हे, बोलणाऱ्याची.

आतां वर्तमानकाळाकडे वळूं. राखीव चाकाचा संकोच प्रथम दिसला तो वेगवान गाड्यांतच. अमेरिकेंत १९६७ सालीं पाँटियाक फायरबर्ड ह्या गाडीबरोबर घडी होणारा टायर देऊं लागले. पोर्शनेंहि पुढें तोच मार्ग धरिला. नंतर अरुंद, तात्पुरतें चाक सर्वत्र आलें; आणि अलीकडे तर कित्येक गाड्यांत चाकाऐवजीं चिकट द्रवाची बाटली व विजेचा लहान पंप एवढेंच मिळतें. आमच्या देशांतहि २०२० सालीं नियम बदलला : साडेतीन टनांपर्यंत वजनाच्या प्रवासी गाडीला नळीविरहित टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचें साहित्य असेल, तर राखीव चाकाची सक्ती नाहीं. कारणें उघड आहेत. वजन वांचतें, जागा वांचते, आणि स्पोर्ट्‌स कारचीं रुंद चाकें, पुढचीं एका मापाचीं व मागचीं दुसऱ्या मापाचीं, तिच्या इवल्याशा डिकींत मावतहि नाहींत.

म्हणून ज्याला अशी गाडी घेऊन लांब जावयाचें आहे, त्यानें निवड डोळसपणें करावी. तात्पुरतें चाक घेतलें तर त्याचा बाहेरचा घेर मूळ चाकाशीं जुळला पाहिजे. नाहीं तर एका आसावरचीं दोन चाकें निरनिराळ्या गतीनें फिरतात व डिफरन्शिअलवर अखंड ताण पडतो. तें मोठ्या ब्रेकवरून मोकळें फिरतें किंवा नाहीं, हें घरीं एकदां चढवून पाहावें. अशा चाकांत बहुधा दर चौरस इंचास ६० पौंड हवा लागते, आणि ताशीं ८० किलोमीटरांहून अधिक वेगानें तें चालवावयाचें नसतें. टायरच्या कुशीवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. न वापरलेलें चाकहि म्हातारें होतें, हें लोक विसरतात. शेवटीं, काढलेलें रुंद चाक ठेवणार कोठें ? दोन आसनांच्या गाडींत त्याची जागा सोबत्याच्या मांडीवर ठरते.

परंतु खरा प्रश्न मापांचा नाहीं. राखीव चाक टाकून देणारा मनुष्य असें गृहीत धरतो कीं मदत रस्त्यावरच आहे. दूरध्वनि केला कीं ती येईल. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, पांढरकवड्याच्या परिसरांत, तें गृहीत बहुधा खरें ठरेल. महामार्ग सोडून पांदणीला लागा : तेथें बाभळीचे कांटे आहेत, बैलांच्या नालांचे खिळे आहेत, आणि तुरीच्या कापणीनंतर उभीं राहिलेलीं धसकटें आहेत, जीं टायरची कूस भाल्याप्रमाणें भेदतात. खिळ्याचें भोंक बाटलींतल्या द्रवानें बुजतें. फाटलेली कूस बुजत नाहीं. जुन्या काळीं गाडीवान रिकाम्या हातीं निघे, कारण गांवोगांवीं लोहार होता. आज लोहाराची भट्टी पुष्कळ ठिकाणीं विझली आहे, आणि पंक्चरवाल्याच्या टपरींत त्या रुंद चाकाच्या मापाचा टायर असेलच असें नाहीं. गांवांतलें राखीव चाक गेलें आणि आतां गाडींतलेंहि जात आहे. मधल्या अंतरांत रात्रीं अडकलेला प्रवासी, दवाखान्याला निघालेली बाई किंवा परीक्षेला चाललेला मुलगा यांचा भार कोणीं उचलावा, याचें उत्तर गाडी विकणाऱ्याच्या पत्रकांत नसतें.

आमच्या मतें त्याचा निर्णय कारखानदाराच्या यादीवरून न करतां ज्या रस्त्यानें जावयाचें त्यावरून करावा. महामार्गाच्या कडेला ज्याचें सगळें जाणें-येणें, त्यानें बाटलीवर भिस्त ठेवण्यास हरकत नाहीं. ज्याला शिवारांत, जंगलाच्या कडेनें, पैनगंगेच्या खोऱ्यांत जावयाचें, त्यानें आपल्या गाडीच्या दिमाखाचा थोडा त्याग करून पूर्ण मापाचें चाक बरोबर बांधावें, आणि महिन्यांतून एकदां त्याची हवा पाहावी. तें चाक बहुतेक दिवस कामाला येणार नाहीं. न येवो, दाराच्या अडसराप्रमाणें त्याचें असणें हेंच त्याचें काम आहे. आणि आपलें चाक शाबूत असतां वाटेंत दुसऱ्याची गाडी बसलेली दिसली, तर "स्टेपनी आहे का ?" असें विचारून पुढें न जातां थोडें खालीं उतरावें. सुतार-लोहारांच्या जुन्या व्यवस्थेंतलें एवढेंच आतां आपल्या हातीं उरलें आहे.