उपाशी कोणाला ठेवायचे?

२०१७च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ने ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष छापले आणि मधुमेह परतवता येतो, अशी बातमी जगभर झाली. वजन भरपूर उतरवले तर नव्याने जडलेला मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात राहतो, एवढेच त्या निष्कर्षांचे सार. चाचणी उत्तम होती, तिची मांडणी काटेकोर होती. पण बातमी नवी नव्हती. हेच निरीक्षण पॅरिसच्या एका औषधशास्त्रज्ञाने १८७१च्या आसपास नोंदवले होते, मिशिगनच्या एका डॉक्टराने १९४२मध्ये छापले होते आणि त्याची एक ढोबळ पण ओळखू येईल अशी मांडणी सुश्रुतसंहितेत आहे. मग ते पुन्हा पुन्हा हरवले का? ‘औषधकंपन्यांनी दडपले’ हे उत्तर अलीकडे फार खपते. गोळ्यांच्या व्यापाराचा त्यात वाटा नाही असे नाही, पण गोळ्या बाजारात येण्याआधीही ते दोनदा हरवलेले आहे. माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. मधुमेहाच्या नावाखाली दोन निरनिराळे रोगी एकाच खाटेवर झोपवले गेले. एकाला उपास तारतो, दुसऱ्याला मारतो. ज्या ज्या काळात वैद्यांनी हे दोघे वेगळे ओळखले, त्या काळात पथ्य शहाणे होते. ज्या काळात ते एकत्र कालवले गेले, त्या काळात पथ्याने माणसे मेली, आणि मग पथ्यच बदनाम झाले.

सुश्रुताच्या चिकित्सास्थानातला प्रमेहाचा अध्याय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. प्रमेह दोन प्रकारचा, एक आईबापांच्या बीजदोषातून जन्मजात आलेला आणि दुसरा अपथ्याने ओढवलेला, असे तो सुरुवातीलाच सांगतो. पहिल्याचा रोगी कृश, रुक्ष, थोडे खाणारा आणि सतत तहानलेला. दुसऱ्याचा स्थूल, खादाड, बसून आणि लोळून राहणारा. उपचारही दुहेरी: कृशाला संस्कार केलेले अन्नपान, स्थूलाला अपतर्पण, म्हणजे उपास-लंघनाच्या वाटेने शरीर हलके करणे. चरकही स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असे दोन प्रमेही मानतो, कृशासाठी बृंहण म्हणजे पोषण सांगतो आणि बीजदोषाने आलेला प्रमेह असाध्य ठरवतो. अन्नात जव मुख्य. दोष कशाला, तर सुखासीन बैठकीला, झोपेला, दह्यादुधाला, नव्या धान्याला आणि गुळाच्या पदार्थांना. पण सुश्रुताचा खरा रंग व्यायामाच्या भागात दिसतो. ज्याच्याजवळ पैसा नाही आणि पाठीशी नातलग नाहीत, त्याने अनवाणी, छत्रीविना, भिक्षेवर जगत, एका गावी एका रात्रीपेक्षा जास्त न राहता शंभर योजने किंवा त्याहून जास्त चालावे. धनवंताने सावे-नीवारासारखे रानधान्य आणि आवळा-कवठासारखी फळे खाऊन हरणांच्या सोबतीने राहावे. कोणी गाईंच्या मागे हिंडावे, कोणी शेत कसावे, कोणी विहीर खणावी. आणि ही सगळी दमछाक सांगून होते न होते तोच ग्रंथकार एक अट घालतो: कृशाला मात्र सतत जपावे. ती अट नसती, तर हा अध्याय हटयोग्याचे वेळापत्रक ठरला असता.

यावर आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. प्रमेहाच्या वीस प्रकारांत लघवीच्या नाना तक्रारी आहेत, सगळेच मधुमेह नव्हेत. ‘सहज’ प्रमेह म्हणजे आजचा टाइप वन असे म्हणणे हा आजचा चष्मा जुन्या डोळ्यांवर चढवणे झाले. शिवाय या उपायांनी किती रोगी बरे झाले याचा हिशेब ग्रंथात नाही. हे सगळे मान्य. ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ ही आरोळी ठोकण्याचा माझा इरादा नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की इन्शुलिन, स्वादुपिंड, रक्तातली साखर यांतले काहीही ठाऊक नसताना, केवळ रोग्याच्या बांध्याकडे पाहून उपचाराच्या दोन वाटा पाडता येत होत्या. त्या पाडणे म्हणजे रोगाचे कारण कळणे नव्हे. पण चूक उपचार टाळायला तेवढेही पुष्कळ होते, आणि पुढे प्रयोगशाळा असलेल्या लोकांना ते दर वेळी जमले नाही.

युरोपात अठराव्या शतकाअखेर पथ्याची शास्त्रशुद्ध म्हणावी अशी सुरुवात झाली. ब्रिटिश तोफखान्याचा शल्यवैद्य जॉन रोलो याने १७९७मध्ये एका स्थूल कॅप्टनवर मांस-चरबीच्या आहाराचा प्रयोग करून लघवीतली साखर घालवल्याचे प्रसिद्ध केले. त्याच्याच दुसऱ्या रोग्याने, एका जनरलने, पथ्य मोडले आणि तो दगावला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र पॅरिसमधला पिओरी नावाचा नामांकित वैद्य उलट सल्ला देत होता: साखर लघवीतून वाया जाते ना, मग ती भरपूर खाऊन भरून काढा! तर्क बिनतोड दिसतो, आणि म्हणूनच वैद्यकात नुसत्या तर्काला किती जपून हाताळावे लागते हे कळते. त्याच शहरात अपोलिनेर बूशार्दा मधुमेह्यांना कमी खायला आणि कष्ट करायला सांगत होता, त्यांच्याकडून त्यांची लघवी त्यांनाच तपासून घेत होता. १८७०च्या सप्टेंबरात प्रशियन फौजांनी पॅरिसला वेढा घातला. जानेवारीअखेरपर्यंत शहर उंदीर-घोडे खाऊन जगले. या उपासमारीत आपल्या काही रोग्यांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली, हे बूशार्दाने टिपले आणि १८७५च्या आपल्या ग्रंथात अल्पाहार व श्रम या दोन खांबांवर उपचार उभा केला. काही वर्षांतच, १८८०च्या सुमारास, त्याचाच देशबंधू लांसरो याने लठ्ठांचा मधुमेह आणि रोडक्यांचा मधुमेह असे दोन भाग केले. दोघांचे निष्कर्ष एकमेकांना जोडले गेले असते, तर पुढची चाळीस वर्षे वेगळी गेली असती. ते घडले नाही. १८८९मध्ये स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून मधुमेह निर्माण केला आणि सगळ्यांची नजर एका अवयवावर खिळली. अवयव एक, म्हणजे रोग एक, असे वाटू लागले.

या एकरोगवादाची किंमत मुलांनी मोजली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन याने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून काढलेला निष्कर्ष माणसांना लावला: शरीराला जेवढे पेलते तेवढेच द्या, आणि लघवीतली साखर नाहीशी होईपर्यंत उपाशी ठेवा. १९१९च्या त्याच्या प्रबंधात ७६ रोग्यांच्या हकिगती आहेत, अनेक तरुण, काही मुले. त्यांचे स्वादुपिंड इन्शुलिन तयारच करत नव्हते. त्यांना भुकेने वाळवत नेणे हा उपचार नव्हता, मुदतवाढ होती. ॲलनला हे कळत नव्हते असे नाही. काही रोगी मधुमेहाने नव्हे तर उपासानेच मेले, हे त्याने लपवले नाही. त्याच्या बाजूनेही बोलायला हवे, कारण त्या मुदतवाढीचा काहींना खरोखर उपयोग झाला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ १९२२च्या ऑगस्टमध्ये टोरोंटोला इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंगकडे पोहोचली तेव्हा पंधराव्या वर्षी तिचे वजन जेमतेम वीस किलो होते. इन्शुलिन मिळाल्यावर ती १९८१पर्यंत जगली. पण अशा सांगाड्यांची छायाचित्रे आणि त्यांच्याशेजारी इन्शुलिननंतरची गुबगुबीत मुले पाहिल्यावर जगाने एकच धडा घेतला, की उपास ही अंधारयुगातली गोष्ट होती आणि तिच्यातून सुईने सुटका केली. कृशासाठी हा धडा शंभर टक्के खरा होता. स्थूलासाठी तो खरा होता का, हे विचारायला कोणी थांबले नाही. बॉस्टनच्या एलियट जोस्लिनने मधुमेह टाळायचा तर लठ्ठपणा टाळा असे १९२१मध्येच लिहिले होते, पण इन्शुलिनच्या जल्लोषात ते वाक्य कोणाच्या कानी पडणार?

आपल्याकडेही स्थूलाचा मधुमेह दिसत होता आणि त्याची जातकुळी ठरलेली होती. १९०७मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत उष्ण कटिबंधातल्या मधुमेहावर चर्चा झाली. तीत कलकत्त्याचा बैठ्या नोकरीतला सुखवस्तू बाबू हाच या रोगाचा नमुना ठरला. निरीक्षण चुकीचे नव्हते, पण त्यातून निघाले काय, तर वसाहतवाद्यांची चेष्टा आणि बाबूंची खंत. उपचारपद्धती निघाली नाही.

विज्ञानाने मग दोघांना पुन्हा वेगळे केले, पण सावकाश. लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थने १९३६मध्ये दाखवले की काही मधुमेह्यांना इन्शुलिन लगेच लागू पडते आणि काहींवर ते फिके पडते. मिशिगनच्या न्यूबर्गने १९४२मध्ये वजन उतरवल्यावर लठ्ठ मधुमेह्यांची साखर ताळ्यावर येते हे छापले. १९६०मध्ये यालो आणि बर्सन यांच्या तपासणीने सिद्ध झाले की प्रौढ मधुमेह्यांच्या रक्तात इन्शुलिन असते, कधी तर मुबलक. आता तरी पथ्य परत यायला हवे होते. पण तोवर १९५०च्या दशकातल्या गोळ्या आल्या होत्या आणि पथ्य पाळायला सांगण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणे डॉक्टरला सोपे, गोळी गिळणे रोग्याला सोपे. १९९८च्या ब्रिटिश यूकेपीडीएस अभ्यासानंतर हा आजार वाढतच जाणार, गोळीनंतर दुसरी गोळी, मग सुई, हे समीकरण घट्ट बसले. ते मोडले शल्यवैद्यांनी, आणि तेही अनवधानाने. नॉर्थ कॅरोलिनाच्या वॉल्टर पोरीसने त्याआधीच, १९९५मध्ये, जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर १४६ मधुमेह्यांपैकी १२१ जणांची साखर पूर्ववत झाल्याचे लिहिले. गंमत म्हणजे ती वजन घटण्याआधीच, काही दिवसांत उतरत होती. आतड्यातल्या संप्रेरकांची करामत असे बहुतेकांना वाटले. न्यूकॅसलच्या रॉय टेलरला वेगळे वाटले: शस्त्रक्रियेनंतर माणूस जवळजवळ खातच नाही, त्याचा हा परिणाम असेल. त्याने ११ जणांना आठ आठवडे रोज ६०० कॅलरींवर ठेवले. २०११मध्ये छापलेला निकाल असा, की आठवड्याभरात उपाशीपोटीची साखर सामान्य झाली, यकृतातली चरबी झपाट्याने उतरली आणि पुढे स्वादुपिंडातलीही. बूशार्दाला वेढ्यात जे दिसले त्याची यंत्रणा अखेर एमआरआयमध्ये दिसली. मग २०१७ची ‘डायरेक्ट’ चाचणी आली. तिच्यात ३०६ रोगी होते, सगळ्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला आणि कोणीही इन्शुलिनवर नाही. वर्षाअखेर पथ्यगटातले ४६ टक्के गोळ्यांविना मधुमेहमुक्त, नेहमीच्या उपचारातले ४ टक्के. पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरवणाऱ्यांत ८६ टक्के.

इथे मराठी वाचक थांबवून विचारील: हे गोऱ्या अगडबंब माणसांचे झाले, आमच्याकडे तर सडपातळ माणसालाही चाळिशीत मधुमेह निघतो, त्याने काय उतरवायचे? याचे अर्धे उत्तर पुण्यात मिळाले आहे. केईएम रुग्णालयातल्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत घटले होते ते स्नायू आणि बाकीचे अंग, पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. २००४मध्ये याज्ञिकांनी आपले आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले: दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, चरबी मात्र युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काटा दोघांना सारखाच म्हणतो, शरीर म्हणत नाही. सुश्रुताची बांध्यावरून पारख करण्याची रीत इथे अपुरी पडते, हे कबूल करायला हवे. उत्तराचा उरलेला अर्धा भाग पुन्हा टेलरकडे आहे. त्याने नंतर लठ्ठ न म्हणता येणाऱ्या २० मधुमेह्यांवर तोच प्रयोग केला. वजन उतरवल्यावर १४ जण मधुमेहमुक्त झाले. मात्र चेन्नईची २००६ची चाचणी या मांडणीला थोडा खोडा घालते. तिथे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत आहार-व्यायामाने तीन वर्षांतले मधुमेहाचे प्रमाण ५५ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आले, आणि तेही वजनात दखल घेण्याजोगा फरक न पडता. म्हणजे श्रमाचा लाभ काट्यापलीकडेही आहे. हे माझ्या युक्तिवादाला पूर्णपणे सोयीचे नाही. पण विहीर खणायला सांगणाऱ्याला ते खटकले नसते.

महाराष्ट्रात हा विषय दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांच्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या ‘दिवसातून दोनदाच जेवा’ या आग्रहाने घरोघर पोचला. त्यावरचे वाद ठाऊक आहेत. मला त्यातला एकच मुद्दा इतिहासाच्या अंगाने महत्त्वाचा वाटतो: असा सल्ला सभागृहातून सरसकट दिला जातो तेव्हा समोरच्या खुर्च्यांवर कोण बसले आहे हे दिसत नाही. इन्शुलिन घेणाऱ्याने किंवा साखर झटकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याने जेवण गाळले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. आणि तिशीतला, झपाट्याने वाळत चाललेला मधुमेही कदाचित ॲलनच्या खाटेवरचा रोगी असतो.

राहिला सगळ्यांत अवघड आक्षेप: उतरवलेले वजन टिकत नाही. ‘डायरेक्ट’मध्ये दोन वर्षांनी मधुमेहमुक्तांचे प्रमाण ३६ टक्के झाले आणि पाच वर्षांनी आणखी पुष्कळ घसरले, कारण वजन परतले. याचा अर्थ उपचार खोटा असा होत नाही. गोळी बंद केल्यावर साखर चढली तर गोळी खोटी ठरत नाही. पण इच्छाशक्तीवर सगळे सोपवून मोकळे होणेही चालत नाही. सुश्रुताने श्रीमंताला आणि गरिबाला नुसते पथ्य दिले नाही, त्यांचे जगणेच बदलायला लावले, आणि ते किती जणांना परवडले असेल याची शंका घ्यायला जागा आहे. क्यूबात हा प्रयोग अख्ख्या देशावर झाला. १९९१नंतर सोव्हिएत मदत आटली, पेट्रोल नाही, अन्न तुटपुंजे. लोक सायकली आणि पायी फिरू लागले, पाच वर्षांत माणशी सरासरी पाच-साडेपाच किलो वजन घटले. मधुमेहाचे मृत्यू निम्म्यावर आले. नंतर दिवस पालटले, ताटे भरली, सायकली कोपऱ्यात गेल्या, आणि वजनाबरोबर मधुमेहही परतला.